नारळाचा पुरावा

सून मामलेदार झाली म्हणून सासूबाईंनी आमच्या गल्लीत पेढे वाटले, पण मी आठवड्यातून काही दिवस कोर्टही चालवते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. काळा कोट नाही, सिनेमातला हातोडा नाही, मग कसलं कोर्ट, असं त्यांचं म्हणणं. तसं त्यांचं फारसं चुकत नव्हतं. आमचं कोर्ट म्हणजे तहसील कचेरीतली एक खोली. माझं टेबल, समोर वकिलांसाठी खुर्च्या, भिंतीला लागून पक्षकारांचं बाकडं, आणि कागद उडवण्यापलीकडे काही काम न करणारा पंखा. साक्षीदाराचा पिंजरा नव्हता. साक्षीदार टेबलाच्या कडेला उभा राहायचा आणि बोलता बोलता माझ्या पेपरवेटशी खेळायचा.

आता निवृत्त होऊन बारामतीत राहते. कुणी विचारलं की नोकरीभर काय केलंत, तर मी सांगते, रस्ते दिले. ऐकणाऱ्याला डांबरी रस्ते वाटतात. मी दिले ते बांधावरचे. शेताच्या वाटण्या होत गेल्या की आतला तुकडा ज्याच्या वाट्याला येतो, त्याला दुसऱ्याच्या बांधावरून गेल्याशिवाय स्वतःच्या रानात पाऊल टाकता येत नाही. पुढचा आडवा आला की मागचा आमच्याकडे अर्ज करतो. त्यावर कायद्यात जेमतेम दोन ओळी आहेत. अशा वाटेचा दावा तहसीलदारानं चौकशी करून ठरवावा, आणि ठरवताना शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यायेण्याची जी वाजवी गरज असते ती ध्यानात घ्यावी. बस्स, एवढंच. वाजवी म्हणजे किती, गरज कुणाची आणि कशाची, हे कायदा सांगत नाही. तो ते आमच्या गळ्यात घालून मोकळा होतो. मग कुठल्या तरी तालुक्यात कुणी एक निकाल देतो, वरचं कोर्ट तो उचलून धरतं, पुढचे सगळे त्याचा आधार घेतात आणि कायद्यात न लिहिलेली एक रीत कायद्यासारखीच चालू होते. 'दुसरी वाट असेल तर नवी देऊ नये' ही त्यातलीच एक रीत.

सणसरकडच्या एका प्रकरणात जुन्या हुकमात 'गाडीवाट' असा शब्द होता. शेजाऱ्यानं ऊस भरलेला ट्रॅक्टर अडवला. गाडी म्हणजे बैलगाडी, हुकमात ट्रॅक्टर कुठं लिहिलाय, असं तो शांतपणे विचारत होता. दुसऱ्याही गड्यानं कमाल केली. पाहुण्यांचे बैल आणले, ट्रॉलीला जुंपले आणि मला बोलावणं धाडलं. बैल बिचारे जागचे हलेनात. सगळा गाव हसत होता आणि ऊस उन्हात वाळत होता. मी लिहिलं, वाट उसासाठी दिली होती, बैलांसाठी नव्हे. नियमाचा अर्थ लागेना की तो कुणाची कोणती अडचण काढायला केला हे बघायचं, एवढं शहाणपण मला त्या बैलांनी दिलं.

वादाची वाट मी कधी जीपमधून पाहिली नाही. साडीखाली कॅनव्हासचे बूट घालायचे आणि चालायचं. अर्जदार पुढे, मी मध्ये, सामनेवाला मागे. अर्जदार काय बोलतो याकडे माझं फार लक्ष नसायचं. मी कान द्यायची मागच्याकडे. इथं वाट कधी नव्हतीच म्हणणारा माणूस थोडं चाललं की हळूच सांगतो, "म्याडम, जपून, त्या वळणावर खड्डा हाय." नसलेल्या वाटेवरचा खड्डा त्याला पाठ असतो. आमचा शेतकरी भांडेल, पण पाहुण्याला खड्ड्यात पडू देणार नाही. या स्वभावावर माझे किती निकाल उभे आहेत, हे वकिलांना ठाऊक नाही.

पण मला सांगायची आहे ती गजराबाईंची गोष्ट.

पळसदेवच्या बाजूला, उजनीच्या पाण्याला लागून त्यांची शेती. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला हणमंतरावांचं रान. शेतातच घर. धरणानं जुनं गाव घेतलं तेव्हा गजराबाई नव्या नवरी होत्या. त्यांचे मालक आणि हणमंतराव लंगोटीयार. दोघांनी एकाच बैलगाडीत दोन्ही घरांची भांडीकुंडी भरून वर आणली आणि शेजारी शेजारी जमिनी धरल्या. तेव्हापासून गजराबाईंच्या घरची माणसं हणमंतरावांच्या बांधावरून जात-येत होती. दर पाडव्याला त्यांचे मालक हणमंतरावांच्या हातात एक नारळ ठेवायचे. हणमंतराव तो तिथंच बांधावर फोडायचे, खोबरं दोन्ही घरी जायचं आणि वर्षभर कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मालक गेले, तरी गजराबाईंनी नारळ चालू ठेवला होता.

मग एका पाडव्याला नारळ गेला नाही. पुढच्याही पाडव्याला गेला नाही. आणि त्यानंतर हणमंतरावांनी बांधाच्या तोंडाशी काटेरी तार ओढली.

गजराबाईंचा मुलगा सोमनाथ बारामतीला एमआयडीसीत कामाला जायचा आणि उरलेल्या वेळात शेती बघायचा. तार आली तसा दारापर्यंत येणारा टेम्पो बंद झाला. वांगी आणि दोडका डोक्यावरून, तारेखालून वाकून काढायचा. त्यानं आईला सांगून टाकलं होतं की या वेळी रस्ता मिळाला नाही तर बारामतीत खोली घेऊ आणि घर हलवू. गजराबाई पहिल्यांदा माझ्यासमोर आल्या तेव्हा बाकीचं काही न सांगता एवढंच म्हणाल्या, "येकदा धरणानं उठवलं, रावसाहेब. तवा कुणाचा राग न्हाय आला, समदं गावच उठलं. आता वळखीच्या माणसानं उठवलं तर ते कसं सोसायचं?"

तालुक्यात मामलेदाराला रावसाहेब म्हणायची चाल आहे. खुर्चीत साडी नेसलेली बाई आहे म्हणून गजराबाईंनी ती मोडली नाही.

त्यांचा अर्ज माझ्याआधीच्या अधिकाऱ्यानं फेटाळला होता. त्यांनाही दोष देता येत नाही. गावच्या नकाशावर त्या शेतापर्यंत जाणारा एक रस्ता स्पष्ट दाखवलेला आहे. तो जुन्या गावाचा रस्ता. साहेब पाहणीला गेले ते मे महिन्यात. मे महिन्यात आमच्याकडे धरणाचं पाणी पार मागे हटतं, जुन्या देवळाचं शिखर उघडं पडतं आणि बुडालेला रस्ताही वर येतो. साहेब त्यावरून चालत गेले, धूळ झटकली आणि लिहिलं, 'दुसरा रस्ता उपलब्ध आहे.' नकाशात रस्ता, डोळ्यासमोर रस्ता, बुटाला धूळ. याहून पक्का पुरावा कोणता? पुढं अपिलात प्रांतसाहेबांनी प्रकरण फेरचौकशीला परत पाठवलं, आणि तोवर त्या खुर्चीत मी आले होते.

सुनावणीला हणमंतरावांच्या वकिलांनी दोन मुद्दे मांडले. पहिला त्या नकाशातल्या रस्त्याचा. दुसरा नारळाचा.

हा दुसरा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा. दिवाणी कोर्टात वहिवाटीचा हक्क सांगायचा असेल तर माणूस इतकी वर्षं हक्कानं जात होता, कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे, हे दाखवावं लागतं. परवानगी मागून गेलात तर हक्क तयार होत नाही. सोमनाथनं पुढं कधी वाद नको म्हणून एका वकिलाला या वाटेबद्दल सहज विचारलं होतं. त्यांनी ऐकलं आणि सांगितलं, तो नारळ आधी बंद करा, नारळ म्हणजे परवानगी मागितल्याचा पुरावा. सोमनाथनं आईला गप्प बसवलं आणि नारळ थांबला. म्हणजे भांडण होऊ नये म्हणून जे केलं, त्यातनंच भांडण झालं. कायद्याचं अर्धं ज्ञान घरात शिरलं की असं होतं. त्या वकिलांनी सांगितलेलं खोटं नव्हतं, ते दुसऱ्या कोर्टाचं होतं एवढंच.

गजराबाई शपथेवर उभ्या राहिल्या. त्यांच्या वकिलांनी त्यांना काय सांगायचं ते पढवून आणलं होतं, हे सोमनाथच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. समोरच्या वकिलांनी विचारलं, दर पाडव्याला तुम्ही हणमंतरावांना नारळ देत होता की नाही? सोमनाथनं आईकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "व्हय. माझं मालक द्यायचं. त्येंच्या माघारी मी दिला."

"कशासाठी?"

"त्येंच्या बांधावरनं जातो म्हणून."

"म्हणजे त्यांची परवानगी घेऊन जात होता."

"परवानगी का काय ते मला ठावं न्हाय," गजराबाई म्हणाल्या. "नारळ व्हता."

वकिलांनी जबाब जसाच्या तसा लिहून घ्यायची विनंती केली आणि मी लिहून घेतला. सोमनाथनं मान खाली घातली. केस हरलो असंच त्याला वाटलं असणार. मला मात्र त्या बाईचा हात हातात घ्यावासा वाटला. तिला घर वाचवायचं होतं, नाही म्हटलं असतं तर कुणी तिला खोटं पाडू शकलं नसतं, आणि तरी तो एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. खुर्चीत बसून कुणाचा हात धरता येत नाही. मी पंखा जरा कमी करायला सांगितला.

मग मी हणमंतरावांना विचारलं, तार का घातली? जबाबात त्यांनी लिहून दिलं होतं की डाळिंबाच्या बागेत जनावरं शिरतात. ते उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली.

"डाळिंबाचं खोटं हाय," ते म्हणाले. "नारळ आला न्हाय म्हणून घातली."

त्यांच्या वकिलांनी त्यांची बाही ओढली. ते खाली बसले. त्या दिवशी माझ्या कोर्टात दोन्ही वकील आपापल्या अशिलावर नाराज होऊन गेले.

स्थळपाहणीची तारीख मी पावसाळा सरल्यावरची, धरण भरलेल्या दिवसांतली घेतली. नोटिशीत लिहिलं, नकाशातील रस्त्याची पाहणी करण्यात येईल, उभयतांनी हजर राहावं. तिथं पोचले तर रस्त्याच्या जागी लांबवर नुसतं पाणी. मच्छीमाराची एक होडी ठरवली. मी, मोजणीदार, गजराबाई आणि हणमंतराव असे बसलो. वकिलांनी काठावरून पाहणी करणं पसंत केलं. मोजणीदार नकाशा आणि काठावरच्या खुणा ताडून बघत होता. मध्येच त्यानं हात वर केला आणि म्हणाला, मॅडम, आपण आता रस्त्यावर आहोत. होडीवाल्यानं बांबू खाली सोडला. बांबू बुडाला, त्याचा हात कोपरापर्यंत बुडाला, तरी तळ लागला नाही.

चालायची माझी पद्धत होडीत कशी चालणार? पण हणमंतराव माझ्या मागेच बसले होते. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "हितं चिच व्हती, वैनी."

"व्हय," गजराबाई म्हणाल्या. "तितं गाडीचा आस मोडला व्हता. तुमी दोघं कुणाच्या चुकीनं मोडला म्हणून भांडला व्हता."

"त्येच्याच चुकीनं. कधी कबूल केलं न्हाय त्यानं."

त्या हसल्या. मग पाण्याखालच्या त्या रस्त्यानं आम्ही परत काठाला आलो. पंचनामा मी होडीतच लिहिला, अक्षर वाकडंतिकडं आलं. पंचांनी काठावर सह्या केल्या.

निकाल लिहायला मला फार जड गेलं नाही. पाण्यात गेलेला रस्ता काही महिने उघडा पडतो म्हणून तो शेतकऱ्याच्या गरजेला पुरत नाही. वांगी मे महिन्याची वाट बघत थांबत नाहीत. राहिला नारळ. त्यावर मी लिहिलं की हक्कानं गेला की परवानगीनं, हा प्रश्न वहिवाटीच्या दाव्यातला आहे. आमच्या कलमात गरज बघायची आहे आणि ती नारळानं कमी होत नाही. हणमंतरावांच्या बांधावरून टेम्पो जाईल एवढी वाट मंजूर केली आणि सामनेवाले यांनी केलेला अडथळा दूर करावा असा हुकूम केला. तो वाचून सोमनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण नारळ उगाचच बंद केला हे त्याला नारळाच्या त्या ओळीत कळलं असावं.

काही दिवसांनी हणमंतराव एकटेच कचेरीत आले. निकालाची नक्कल हवी होती. नक्कल मागतात ती अपिलासाठी. अपील झालं, स्थगिती मिळाली की गजराबाईंचं घर हलणार हे ठरलेलं. मी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले. नक्कल घेऊन बाकड्यावर बसले आणि चष्मा लावून ओळ न् ओळ वाचून काढली. मग माझ्या टेबलाशी आले.

"रावसाहेब, वाट दिली त्येचं मला कायबी न्हाय," ते म्हणाले. "पन ह्यात मी अडवली येवढंच हाय. येवढी वर्सं दिली, ती कुटं हाय?"

मी त्यांच्या हातातला कागद घेऊन पुन्हा पाहिला. खरंच कुठं नव्हती. 'सामनेवाले यांचा अडथळा', 'सामनेवाले यांची हरकत', सगळीकडे तेच. ते आमच्या साच्यातले शब्द. वाट अडवणाऱ्याला त्यात नाव आहे, देणाऱ्याला नाही, कारण देणारा कधी कोर्टात येतच नाही. मी त्यांना सांगितलं की एकदा सही झाली की निकालातला शब्द बदलायचा अधिकार मलाही राहत नाही. त्यांनी मान हलवली, नक्कल घडी घालून खिशात ठेवली आणि गेले. तो दिवस मला वाईट गेला.

अपील झालं नाही. पण तारही निघाली नाही. मुदत संपल्यावर रस्ता खुला करून देण्यासाठी आम्हाला जावं लागलं. अशा वेळी बंदोबस्त न्यावा लागतो. मंडळ अधिकारी, दोन पोलीस आणि धूळ उडवत येणारा जेसीबी, अशी आमची वरात बांधावर पोचली. हणमंतराव तारेच्या अलीकडे उभे होते, स्वच्छ धोतर, टोपी. पलीकडून सोमनाथ आणि गजराबाई आल्या. गजराबाईंच्या हातात नारळ होता. पाडवा अजून लांब होता.

त्या तारेपाशी थांबल्या आणि आधी माझ्याकडेच वळल्या.

"रावसाहेब, आता हुकूम झाला. म्हंजी इचारायचं न्हाय, असं हाय का?"

इतकी वर्षं नियमांचे अर्थ लावले, पण एवढा साधा आणि एवढा अवघड प्रश्न मला कुठल्याच वकिलानं घातला नव्हता. मी म्हणाले, वाट तुम्हाला हुकमानं मिळाली, ती आता कुणी काढून घेणार नाही. पण विचारायला कायद्याची मनाई नाही.

मग त्यांनी तारेवरून नारळ पुढं केला.

"आबा, जाऊ का?"

हणमंतरावांनी नारळ घेतला. नारळ काखेत धरून त्यांनी खिशातून पक्कड काढली. म्हणजे घरून निघतानाच ती बरोबर घेतली होती. एकेक तार तोडून त्यांनी बाजूला गुंडाळली. मदतीला गेलेल्या पोलिसाला हातानंच लांब ठेवलं. सगळी तार निघाली तेव्हा कुठं ते म्हणाले, "ये की, वैनी. ह्यात इचारायचं काय?"

जेसीबीवाला इंजिन बंद करून खाली उतरला होता. त्याला त्या दिवशी काही काम पडलं नाही.

मंडळ अधिकाऱ्यानं ताबा पंचनाम्याचा छापील कागद माझ्यापुढं धरला. त्यात ओळ तयार होती, 'सामनेवाले यांचा अडथळा पोलीस बंदोबस्तात दूर करून रस्ता खुला करण्यात आला.' निकालातला शब्द मला बदलता येत नाही. पण पंचनाम्यात डोळ्यांनी जे पाहिलं ते लिहायचं असतं, हा तर पहिला नियम. मी ती ओळ खोडली, खोडल्याची सही केली आणि वर लिहिलं, 'हणमंतराव यांनी पूर्वीपासून देत आलेली वाट आज स्वतःच्या हातानं खुली करून दिली.' मग रिवाजाप्रमाणे सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

हणमंतरावांनी मला ती ओळ परत वाचायला लावली. मी वाचली. त्यांनी सही केली, बांधावरच्या दगडावर नारळ फोडला आणि पाणी गळणारी एक वाटी माझ्या हातात दिली.

"रावसाहेब," ते म्हणाले, "ह्या कागदाची नक्कल मिळंल का मला?"